एकोणीस मिलिमीटरची वाटी: एकाच रुग्णाचे दोन गुडघे

रुग्ण ६६ वर्षांच्या बाई. उंची १४८ सेंटिमीटर, वजन ६१ किलो. उजव्या गुडघ्याचं संपूर्ण सांधेरोपण चार वर्षांपूर्वी झालेलं, तेही परदेशात, मुलाकडे राहायला गेल्या असताना. आमच्याकडे आल्या त्या डाव्या गुडघ्यासाठी. ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

डाव्या गुडघ्याचं निदान एक्स-रे हातात घेताच झालं. पाय बाहेरच्या अंगाला कमानीसारखा वाकलेला, आतल्या बाजूची कूर्चा संपलेली, हाडाला हाड टेकलेलं. गोळ्या, पट्टे, इंजेक्शनं सगळं करून झालं होतं. रोपणाशिवाय दुसरा मार्ग नव्हता आणि बाईंनाही ते ठाऊक होतं. तरी त्या अडून बसल्या होत्या, आणि कारण होतं उजवा गुडघा.

"जिना उतरताना वाटीखाली काहीतरी कोंबून ठेवल्यासारखं वाटतं, डॉक्टर. आणि पाय ठरावीक जागेच्या पुढे दुमडतच नाही. आधी दुखायचा, पण दुमडायचा तरी. डावाही असाच होणार असेल तर मला नको."

रुग्णांची अशी वाक्यं आपण 'तक्रार' या रकान्यात दोन शब्दांत उरकतो. इथे ते महागात पडलं असतं. 'कोंबल्यासारखं' हे वर्णन किती नेमकं होतं ते पुढे कळलं. डाव्याला हात लावायच्या आधी उजव्याचं काय बिनसलं ते शोधायचं, असं ठरलं.

उजव्या गुडघ्याची तपासणी

उजवा गुडघा दिसायला छान होता. पाय सरळ, व्रण स्वच्छ, सूज नाही, बाजूचे बंध घट्ट. पूर्ण सरळ होत होता, पण दुमडायचा फक्त ९५ अंशांपर्यंत. परदेशातली कागदपत्रं बाईंच्या मुलीने जपून ठेवली होती. त्यात ऑपरेशनपूर्वीचं दुमडणं ११८ अंश लिहिलेलं होतं. म्हणजे २३ अंश गमावले होते. रोपणानंतर गुडघा किती दुमडेल याचा सगळ्यांत भरवशाचा अंदाज ऑपरेशनपूर्वी तो किती दुमडत होता यावरून येतो. ११८ वरून ९५ वर येणं हे 'होतं कधीकधी' म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं.

दुखऱ्या रोपणात पहिला संशय जंतुसंसर्गाचा. तो बाजूला ठेवल्याशिवाय बाकी कशाचाही विचार करू नये. ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या सामान्य आल्या. सांध्यातलं पाणी काढून कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहायला, पाठवलं, त्यात काही वाढलं नाही. कृत्रिम भाग हाडातून सुटलेत का, हे पाहिलं. एक्स-रेत सिमेंटभोवती काळी रेघ कुठेच नव्हती. वाटी खाली सरकली आहे का, म्हणजे तिच्या खालचा कंडरा (तिला नडगीच्या हाडाशी बांधणारा पट्टा) आखडलाय का, हेही मोजलं. कंडऱ्याच्या आणि वाटीच्या लांबीचं, १९७१ सालापासून वापरात असलेलं इन्सॉल-साल्वाती गुणोत्तर १ च्या जवळ आलं, जे सामान्य आहे. मग सीटी स्कॅन. मांडीच्या हाडावर बसवलेला धातूचा भाग आतल्या बाजूला फिरलेला असेल तर वाटी ज्या खाचेत सरकते तिच्यातून बाहेर ओढली जाते आणि पुढच्या बाजूला दुखतं. फिरण किरकोळ होती, तिच्यावर खापर फोडण्याइतकी नव्हती.

राहिला स्कायलाइन एक्स-रे. गुडघा वाकवून, वाटी आणि तिच्याखालची खाच समोरासमोर दिसेल अशा कोनातून घेतलेला. घाईच्या ओपीडीत हा एक्स-रे बहुतेकदा सांगितलाच जात नाही, समोरून आणि बाजूने एकेक काढून काम भागवतात. वाटीबद्दल काही ठरवायचं असेल तर मात्र याला पर्याय नाही. त्यात वाटीचं हाड, त्याखाली रोपणात बसवलेलं प्लॅस्टिकचं बटण आणि समोर धातूची खाच असे तिन्ही थर दिसत होते. वाटी खाचेच्या मधोमध होती. तिरकी नव्हती, सरकलेली नव्हती. फक्त जाड होती.

मग ऑपरेशनची टिपणी पुन्हा वाचली. आमच्याकडच्या बहुतेक टिपण्यांपेक्षा ती कितीतरी सविस्तर होती. वाटीची मूळ जाडी १९ मिलिमीटर. कापून उरलेलं हाड १४. बटण ९ मिलिमीटर. एकूण २३.

चार मिलिमीटर वाढले होते.

वजाबाकी कुठे अडते

तिथल्या सर्जननी काही हलगर्जीपणा केला होता असं मला वाटत नाही. उलट त्यांनी पाठ्यपुस्तकातला नियम जवळजवळ तंतोतंत पाळला होता, आणि अडचण नेमकी तिथेच होती.

वाटी हे शरीरातलं सर्वांत मोठं तिळास्थी, म्हणजे कंडऱ्याच्या आत तयार झालेलं हाड. मांडीच्या पुढच्या स्नायूचा कंडरा तिच्यावरून जातो. विहिरीच्या रहाटावरून दोर जावा तसा तो तिच्यामुळे सांध्याच्या अक्षापासून दूर राहतो, म्हणून थोड्या ताकदीत पाय सरळ होतो. सांधेरोपणात वाटीचं काय करायचं याचे दोन मार्ग आहेत. एक, तिचा मागचा पृष्ठभाग करवतीने सपाट कापून त्यावर पॉलिथिलीन या प्लॅस्टिकचं घुमटाकार बटण सिमेंटने बसवायचं. दोन, ती आहे तशी ठेवायची, फक्त कडेचे वाढलेले काटे काढून.

बटण बसवायचं तर दोन पथ्यं सांभाळावी लागतात. कापल्यावर उरलेलं हाड फार पातळ नको, नाहीतर ते मोडतं. यासाठी १५ मिलिमीटर हा आकडा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पाठ्यपुस्तकांत रूढ आहे. कारण त्याखाली गेलं की वाटीच्या पुढच्या पृष्ठभागावरचा ताण वाढतो असं प्रयोगशाळेत दिसलं होतं. दुसरं पथ्य, हाड आणि बटण मिळून जाडी मूळच्याइतकीच राहावी.

२५ मिलिमीटरची वाटी घ्या. १० कापा, १५ उरतील, १० चं बटण लावा, पुन्हा २५. गणित सुटतं. आता १९ ची घ्या. १५ राखायचे तर कापायला उरतात ४. चार मिलिमीटरचं बटण कुणी बनवत नाही, आणि बनवलं तरी इतकं पातळ पॉलिथिलीन त्या जागच्या दाबाखाली टिकणार नाही. बटणं साधारण ७ ते १० मिलिमीटरमध्ये मिळतात. म्हणजे १९ च्या वाटीत दोन्ही पथ्यं एकाच वेळी पाळताच येत नाहीत. हाड वाचवलं तर जाडी वाढते, जाडी सांभाळली तर हाड १२ वर येतं. परदेशातल्या सर्जननी हाड वाचवलं. आपल्याकडेही कित्येक जण हेच करतात, कारण पेटी तीच, साचे तेच आणि पुस्तकही तेच.

हे पुस्तक कुणाच्या गुडघ्यांवरून लिहिलं गेलं? आजच्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांचा पूर्वज १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत पहिल्यांदा बसवला गेला. त्यात वाटीसाठी प्लॅस्टिकचा घुमटही होता. पुढची तीनेक दशकं आकार ठरले ते मुख्यतः अमेरिकन आणि युरोपीय हाडांवरून. पाश्चात्य पुरुषांची वाटी साधारण २४ ते २६ मिलिमीटर जाड, स्त्रियांची २२-२३. पूर्व आणि दक्षिण आशियातल्या स्त्रियांमध्ये १९ ते २१ नेहमीच दिसते, अठराही क्वचित नाही.

मात्र 'आशियाई गुडघा' असा एक ठोकळा करू नये. सरासरी बोलते ती गटाबद्दल, आणि टेबलावर असतो तो एक माणूस. उंच पंजाबी शेतकऱ्याची वाटी २५ भरू शकते आणि ठेंगण्या इटालियन आजीची १९. वंशापेक्षा लिंग आणि उंची यांचा फरक अनेकदा मोठा असतो. शिवाय आपण मोजतो त्या सगळ्या वाट्या झिजलेल्या. कूर्चा गेलेली असते, कधी हाडही घासलेलं असतं. म्हणजे १९ भरलेली वाटी तरुणपणी २१ ची असू शकेल. तेव्हा 'रुग्ण आशियाई आहे' ही माहिती जाडी मोजायचा कॅलिपर हातात घ्यायची आठवण म्हणून उपयोगी. तिच्यावरून बटण निवडलं तर आपण पुन्हा सरासरीवरच ऑपरेशन केलं.

चार मिलिमीटरने २३ अंश जातात का?

इथे घाई करायचा मोह होता. जाड वाटी सापडली, गुन्हेगार मिळाला, फाइल बंद. पण आकडा जुळत नव्हता.

वाटीची जाडी टप्प्याटप्प्याने वाढवून ऑपरेशनच्या टेबलावरच दुमडणं मोजल्याचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर २ मिलिमीटरला सुमारे ३ अंश कमी झाले. त्या हिशोबाने बाईंच्या ४ मिलिमीटरनी ६ अंश खाल्ले. उरलेले १७ कुठे गेले?

बाजूने घेतलेला एक्स-रे पुन्हा लावला. मांडीच्या हाडावरच्या धातूचा पुढचा पडदा हाडाच्या पुढच्या पृष्ठभागाला चिकटून यायला हवा. इथे तो सुमारे ३ मिलिमीटर पुढे उभा होता. म्हणजे वाटीच्या मागून ४ आणि खाचेच्या बाजूने ३, एकाच फटीत दोन्हीकडून भर. मांडीचा स्नायू तेवढा ताणून पुढून जाणार. सपाट जमिनीवर चालताना वाटीवरचा दाब देहवजनाच्या निम्म्याच्या आसपास असतो, जिन्यावर तो तिपटीच्या वर जातो आणि खोल उकिडवं बसताना सातपटीच्या घरात. बाईंना घरात फिरताना काहीच होत नव्हतं आणि जिन्यावरच कोंबल्यासारखं वाटत होतं, ते यामुळे.

पडदा पुढे का आला, याचाही धागा हाडाच्या आकाराशीच जातो. लहान चणीच्या स्त्रियांचं मांडीचं हाड पुढून-मागे जितकं खोल असतं त्या मानाने आडवं अरुंद असतं. खोलीप्रमाणे माप निवडलं की धातू बाजूंनी बाहेर डोकावतो, रुंदीप्रमाणे निवडलं की खोली अपुरी पडते. दोन मापांच्या मधलं हाड असेल तर सर्जन बहुतेकदा मोठं माप घेतो, कारण लहान घेतलं आणि करवत पुढच्या हाडात शिरून खाच पडली तर पुढे तिथेच हाड मोडायची भीती. मोठं घेतलं की पडदा पुढे येतो. बाईंच्या सीटीत धातू बाहेरच्या अंगाला ३ मिलिमीटर हाडाबाहेर होता, आणि बोटाने दाबल्यावर दुखरी जागाही तीच निघाली. ३ मिलिमीटर किंवा जास्त बाहेर आलेल्या धातूमुळे दोन वर्षांनंतर गुडघा दुखत राहण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते, असं अमेरिकेतल्या सर्जननी २०१० मध्ये दाखवलं आहे.

तरीही सगळे २३ अंश कागदावर बसत नाहीत. दुखतं म्हणून व्यायाम कमी, व्यायाम कमी म्हणून आत चिकटे जास्त, असंही काही घडलं असणार. बाईंच्या मुलीने सांगितलं की पहिले दोन महिने फिजिओथेरपिस्टची भाषा आईला कळत नव्हती आणि हिवाळ्यात घराबाहेर पडणंही होत नव्हतं. एक्स-रेत हे दिसत नाही, पण गुडघ्यात राहतं.

डाव्यासाठी पर्याय

डाव्या गुडघ्याची स्कायलाइन पाहिली. वाटीच्या बाहेरच्या उतारावर फट कमी झालेली, आतल्या उतारावर बरी. हाडांची घनता तपासली. टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा आकडा, उणे २.७ आला: ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. हा आकडा पुढच्या निर्णयात जाडीइतकाच महत्त्वाचा ठरला.

पहिला पर्याय उजव्यासारखाच: हाड १४-१५ राखून बटण. तो बाद. दुसरा, सर्वांत पातळ ७ मिलिमीटरचं बटण आणि हाड १२ पर्यंत उतरवायचं. १५ चा नियम काही ब्रह्मवाक्य नाही, आणि १२ पर्यंत जाऊनही वाट्या टिकल्याचा अनुभव कोरियासह आशियातल्या सर्जननी मांडला आहे. मजबूत हाड असतं तर मी हाच पर्याय घेतला असता. पण बटणाच्या मागच्या खुंट्या चार-पाच मिलिमीटर हाडात शिरतात. १२ तून ते गेले की त्या जागी ७ उरतात, आणि तेही ठिसूळ हाडाचे. त्यात रक्तपुरवठ्याचा प्रश्न. वाटीभोवती बारीक धमन्यांचं कडं असतं. आतल्या बाजूच्या नेहमीच्या छेदाने त्याचा एक भाग जातोच, आणि वाटी खाचेत नीट बसावी म्हणून बाहेरची बाजू सैल करावी लागली तर उरलेला मुख्य पुरवठाही जाऊ शकतो.

रोपणानंतर वाटी मोडणं एकूणात दुर्मीळच. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या १२,४६४ गुडघ्यांच्या मालिकेत ८५ वाट्या मोडल्या, म्हणजे शंभरात एकापेक्षा कमी. पण मोडली की तारा-स्क्रू लावून ती जोडण्याचे निकाल वाईट असतात, कारण बटण, सिमेंट आणि पातळ हाड यांत स्क्रूला पकड मिळत नाही. दुर्मीळ, पण घडलं तर हाताबाहेर जाणारं संकट. अशा जोखमीला मी टक्केवारीपेक्षा जास्त वजन देतो.

तिसरा पर्याय, वाटी आहे तशी ठेवणं. याविरुद्धही भक्कम मुद्दे आहेत. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेने २०२० मध्ये शिफारस केली की नियोजित संपूर्ण रोपणात रुग्णाला वाटीचं बटण देऊ करावं. चाचण्यांत दुखणं आणि हालचाल यांत दोन्ही गटांत फारसा फरक निघत नाही, पण न बदललेल्या वाटीसाठी पुन्हा टेबलावर जावं लागण्याचं प्रमाण जास्त दिसतं. उलट स्वीडनमध्ये बटण जवळपास बसवतच नाहीत, अमेरिकेत बहुसंख्य गुडघ्यांत बसवतात, आणि दोन्ही देशांतली माणसं चालताहेत. पुन्हा ऑपरेशनच्या आकड्यातही मेख आहे. बटण नसलेला गुडघा पुढून दुखला की सर्जनला करण्यासारखं काहीतरी असतं, बटण असलेला दुखला की नसतं. म्हणून पहिल्या गटात ऑपरेशनं जास्त होतात. दुखणारे तितकेच जास्त असतीलच असं नाही. नाइसची शिफारस जाडीबद्दल काही म्हणत नाही. सरासरी रुग्णासाठी ती योग्यच आहे. अठरा-एकोणीस मिलिमीटर आणि उणे २.७ हा सरासरी रुग्ण नव्हे.

ठरवलं ते असं: वाटी ठेवायची, पण शेवटचा शब्द टेबलावरच्या कॅलिपरचा. आत गेल्यावर कूर्चा पूर्ण नाहीशी झालेली दिसली, किंवा जाडी २१ च्या वर निघाली, तर पातळ बटण तयार ठेवायचं.

हे समजावताना मुलीने सरळ विचारलं, "वाटी बदलणार नाही म्हणजे ऑपरेशन अर्धवटच ना, डॉक्टर?" तिला दोन्ही एक्स-रे शेजारी लावून दाखवले आणि बेरीज-वजाबाकी कागदावर करून दिली. पुढे वाटी दुखली तर दुसरं ऑपरेशन लागू शकतं, आणि त्या दुसऱ्या ऑपरेशनने सगळ्यांचंच दुखणं जात नाही, हेही सांगितलं. बाईंना गणितात रस नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं की खाली बसता येईल का. मांडी घालणं, उकिडवं बसणं, गुडघे टेकणं यांना साधारण ११० पासून १६५ अंशांपर्यंत दुमडणं लागतं. १२० मिळाले तर मांडी अधूनमधून जमेल, उकिडवं नाही, असं सांगितलं. ऑपरेशनआधी हे स्पष्ट बोललं नाही की नंतर उत्तम रोपणही अपयशी वाटतं.

टेबलावर

आधी वाटीच्या कडेचे हाडाचे काटे काढले, कारण ते रुंदीचं माप फुगवतात. मग मधल्या कण्यावर, जिथे वाटी सर्वांत जाड असते तिथे, कॅलिपर लावला. १८.५. जागा किंचित बदलून पुन्हा, १८.५. बाहेरच्या उतारावर नखाएवढा कूर्चेचा भाग पूर्ण गेलेला, हाड गुळगुळीत चकचकीत. आतल्या उतारावर कूर्चा जाड आणि लवचिक. वाटीवरची कूर्चा शरीरातल्या सर्वांत जाड कूर्चांपैकी आहे, त्यामुळे अर्धी झिजूनही तिच्यात काही उरतं. बटणाची पेटी उघडली नाही.

खरा वेळ गेला मांडीच्या हाडावर. पुढून-मागे ५४ मिलिमीटर, आडवं ५७. नेहमीच्या साच्यात ५४ ला जी रुंदी येते ती दोन्ही अंगांनी बाहेर डोकावली असती. अलीकडे कंपन्या त्याच खोलीचे अरुंद भागही देतात, तो घेतला. अशा अरुंद भागांची सुरुवात २००६ च्या सुमाराला 'खास स्त्रियांसाठी' अशा जाहिरातींनी झाली होती. पुढच्या चाचण्यांत त्या 'स्त्रीगुडघ्या'चा वेगळा फायदा दिसला नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. सरसकट सगळ्या स्त्रियांना अरुंद भाग लागत नाही, ज्यांचं हाड अरुंद आहे त्यांना लागतो. जाहिरात विसरली गेली, मापं राहिली, हे बरंच झालं.

पुढचा काप घेण्याआधी पातळ पट्टी साच्याच्या फटीत सरकवून पाहिली. करवत नेमकी कुठून बाहेर पडणार ते ती दाखवते. एक मिलिमीटर मागे-पुढे करून ती हाडाच्या पृष्ठभागाशी समपातळीत आणली, खाच न पडता आणि पडदाही उभा न राहता. या एका मिनिटात उजव्या गुडघ्यातले तीन मिलिमीटर वाचले असते.

वाटीच्या बाहेरच्या कडेचा झिजलेला, टोकदार झालेला थोडा भाग उतरवला, म्हणजे बाहेरची बाजू सैल न करताही ती मोकळी झाली. कडेभोवती कॉटरी, म्हणजे विजेने ऊती जाळणारं उपकरण, फिरवली. तिथल्या बारीक मज्जातंतूंना निकामी करून पुढचं दुखणं कमी करावं हा हेतू. याचा फायदा किती टिकतो यावर मतभेद आहेत, तोटा काही दिसत नाही, म्हणून मी करतो. शेवटी चाचणीचे भाग बसवून अंगठ्याचा आधार न देता गुडघा दुमडून पाहिला. वाटी खाचेत मधोमध सरकत राहिली. मांडी उचलून धरली आणि पोटरी आपल्या वजनाने पडू दिली: १२५ अंश. टेबलावरचा हा आकडा कमाल असतो, घरी तितका क्वचितच मिळतो.

पुढे काय झालं

सहा आठवड्यांना १०२ अंश, तीन महिन्यांना ११५, वर्षाला १२०. पहिल्या महिन्यात रोज व्यायाम झाला आणि फिजिओथेरपिस्टची भाषा कळत होती, हा वाटाही वाटीच्या निर्णयाइतकाच धरायला हवा. हे दोन गुडघे म्हणजे काही प्रयोग नव्हे. सर्जन वेगळे, भाग वेगळे, काळ वेगळा. एका रुग्णावरून 'लहान वाटीला बटण नको' असा नियम काढणं चूकच ठरेल. बाईंचं हाड चांगलं असतं तर मी १२ पर्यंत उतरून बटण लावलं असतं, आणि तेही कदाचित असंच चाललं असतं.

डावा गुडघा निर्दोष नाही. दोन मजले चढल्यावर वाटीच्या बाहेरच्या बाजूला हलकं दुखतं, बसल्यावर थांबतं. बाईंची त्याबद्दल तक्रार नाही, पण आमच्या नोंदीत आहे. कूर्चा गेलेली तीच जागा. अधूनमधून मांडी घालून बसतात. रोजची सवय म्हणून तसं बसू नका असं आम्ही सांगितलं आहे, आणि त्या ते ऐकत नाहीत असं मुलगी सांगते.

उजव्याचं काय करायचं हा प्रश्न डावा चांगला झाल्यावर साहजिकच निघाला. "आता याच्यासारखा तोही करून द्या." नाही म्हणावं लागलं. बटण काढायचं तर सिमेंटसकट काढावं लागेल. १४ मिलिमीटरच्या हाडात आधीच खुंट्यांची भोकं आहेत. काढताना आणखी दोनेक गेले तर जे उरेल त्यावर नवं बटण धड बसणार नाही, आणि बटणाविना ते हाड धातूवर घासत राहील. पुढे आलेला पडदा दुरुस्त करायचा तर मांडीच्या हाडावरचा पक्का बसलेला भाग उखडावा लागेल. दहात तीन इतकं दुखणं आणि ९५ अंशांसाठी हा सौदा तोट्याचा आहे. मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम दिले, जिना उतरताना कठड्याला धरून उजवा पाय आधी टाकायला शिकवलं. वर्षभरात दुमडणं ९७ पर्यंत आलं, कोंबल्याची भावना थोडी कमी झाली, गेली नाही. ऑस्टिओपोरोसिसवर औषध सुरू आहे, आणि उजव्या वाटीसाठी मला कुठल्याही ऑपरेशनपेक्षा तेच जास्त मोलाचं वाटतं.

दर वर्षी दोन्ही गुडघ्यांची स्कायलाइन काढायची असं ठरलं आहे. डाव्याचं दुखणं सपाट चालतानाही जाणवू लागलं आणि बाहेरच्या उतारावरची झीज वाढलेली दिसली, तर बटणाचा विचार पुन्हा करायचा, तोवर टी-स्कोअर सुधारला असेल तर १२ पर्यंत उतरायची तयारी ठेवून. डिस्चार्ज कार्डावर पहिल्याच ओळीत जाडी लिहून दिली आहे: डावी १८.५, बटण नाही. उजवी २३, त्यात हाड १४. पुढच्या कुठल्याही सर्जनला सगळ्यांत आधी हेच आकडे लागतील.